अण्णांच्या हौदाचा पंप

२ फेब्रुवारी, रविवार

कूलरचा पंप जळाला. जळणारच होता, कूलरचा पंप हौदाला लावतात का कुठे. पण माळ्यावर पडून होता म्हणून अवि. म्हणाला लाव. नवऱ्याचं ऐकलं की असं होतं. अण्णांनी तो बाहेर काढून हुंगला. "वाइंडिंग गेलं," म्हणाले आणि फडक्यात गुंडाळून ठेवला. जळलेला पंप कशाला ठेवायचा, विचारलं नाही.

मागचा हौद बांधकामाच्या वेळचा. रो-हाऊस झालं, बिल्डर गेला, हौद राहिला. इतकी वर्षं त्यात पावसाचं पाणी नि डास. अण्णा संत तुकारामनगरला त्यांच्या घरी बाथरूममध्ये पडले, खालच्या शिंदेवहिनी येईपर्यंत तसेच पडून होते, म्हणून दिवाळीनंतर त्यांना इथे मोशीला आणलं. आले तेव्हापासून दर रविवारी एकच वाक्य: "शैले, सोड मला माझ्या घरी." घरी कोण आहे? आई जाऊन दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात एकटं ठेवू नका. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला.

मग डिसेंबरात एकदा हौदापाशी उभे राहून म्हणाले, "ह्यात मासे सोडलं तर?" त्यानंतर "सोड मला" बंद.

म्हणून पंप हवाय. मासे, फिल्टर, सगळं पंपावर. हौद चालला तर अण्णा राहतील, असं मला वाटतं. अजून कोणाला बोलले नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

तीन ठिकाणचे भाव काढले. पिंपरी मार्केट, पिंपळे सौदागरचं माशांचं दुकान, आणि ऑनलाइन. तक्ता केला: लिटर ताशी, हेड, वॅट, वायरची लांबी, गॅरंटी. अवि. मागून बघून म्हणाला, "आता माशांना व्हेंडर कोड पण देऊन टाक."

चाकणला परचेसमध्ये अठरा वर्षं काढली. घरी दुसरी कशी वागणार? ऑनलाइनवाला सगळ्यात स्वस्त. ऑर्डर दिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पंप आला. खोक्यावर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, दोन मीटर. आमच्या फिल्टरच्या निळ्या ड्रमचं तोंड जवळजवळ तेवढंच उंच. पंप चालू केला, पाणी पाइपात चढलं आणि वरपर्यंत येऊन उभं राहिलं. बाहेर थेंब नाही.

अर्थात. दोन मीटर लिहिलंय म्हणजे दोन मीटरला डिस्चार्ज शून्य. हे मला माहीत नाही असं नाही. कंपनीत एखाद्याने असा पंप मागवला असता तर त्याला मी माझ्या टेबलासमोर उभं करून विचारलं असतं, वाचता येतं का म्हणून. घरचं काम म्हटलं की डोकं गेटवरच ठेवून येते बहुतेक.

अण्णा पाइपाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "चढतंय तरी." माझी समजूत काढत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना घेऊन पिं. सौदागरच्या दुकानात. दुकानदार तिशीचा, बोलायला एकदम तयार. ड्रमची उंची, हौदाचं माप विचारून त्याने एक दाखवला. माझ्या तक्त्यातला सगळ्यात महाग. घेतला.

अण्णांचा एकच प्रश्न: "आवाज किती करतो?"

"काका, अजिबात नाही. सायलेंट."

"मग चालू हाय ते कळणार कसं?"

दुकानदार हसला. त्याला काय माहीत. अण्णांची उमर कंप्रेसर हाऊसमध्ये गेली, मेंटेनन्सला. पाण्याचा झुळझुळ आवाज त्यांना ऐकू येतच नाही. मशीनची घरघर तेवढी येते, ती पण हात लावला तर.

फिल्टरचं त्याने मला समजावलं. ड्रममधल्या स्पंजवर शेवाळासारखा थर धरतो, तोच पाणी साफ करतो. पंप चोवीस तास चालू पाहिजे, बंद करायचा नाही. दोनदा सांगितलं. अण्णा तोवर पलीकडे टाकीला नाक लावून मासे बघत होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

मासे सोडले. गोल्डफिश जास्त, चार-पाच कोई जातीचे. त्यातला एक मोठा तांबडा सगळ्यांच्या पुढे-पुढे करतो. अण्णांनी त्याला फोरमन नाव ठेवलं. "काम काय करत न्हाई, नुसता फिरतो."

अण्णांची खुर्ची आता कायमची हौदाकाठी. सकाळी पंपाच्या पाइपावर हात ठेवून बघतात आणि मगच चहा घेतात. आज दोन भाकरी खाल्ल्या. किती दिवसांनी. मला बरं वाटलं, लिहून ठेवते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तळेगाव चौकात दीड तास. घरी आले तर आठ वाजून गेलेले. दोरीवर माझ्या परकराशेजारी फिल्टरचे स्पंज, चिमटे लावून वाळत घातलेले. धुऊन पांढरेशुभ्र. अण्णा हौदाशी बसले होते, पंप चालू, पाणी पडतंय. मी म्हटलं, "अण्णा, काय स्वच्छ धुतलेत!" ते म्हणाले, "मग? दुसरे टाकलेत आत. दोन सेट करून घेतले." खूश होते.

मी पण खूश. अवि.ला म्हटलं, बघ, ह्याला काम म्हणतात, नाहीतर तू.

दुपारी लाईट गेली होती म्हणे. गुरुवार आहे, ह्या पट्ट्यात दुरुस्तीसाठी लाईट जाणारच.

७ मार्च, शुक्रवार

दोन मासे तरंगत होते सकाळी. अण्णांनी माझ्या झाऱ्याने काढले. झारा आता हौदाचा झाला. कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरले. अण्णा म्हणाले, "नव्या जागी हुतं असं." मला बस होती, मी निघाले.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. तीन मासे गेले. आधी वाटलं सोसायटीतल्या पोरांनी रंग टाकला. भिंतीपलीकडे जाऊन दोघांना झापलं पण. ती म्हणाली, काकू, आम्ही आत्ताच उठलो. खरंच अजून कोरडी होती.

अण्णा खुर्चीत न बसता उभेच. झारा हातात. दुपारी जेवताना, तीन महिन्यांनी, तेच: "मला इथलं जमत न्हाई, शैले. मासेबी जगत न्हाईत माझ्या हातनं. सोड मला माझ्या घरी."

मी म्हटलं, "माशांचं नि तुमच्या घराचं काय?"

"काय न्हाई," म्हणाले. अर्धी पोळी तशीच ठेवली. पुरणाची.

१५ मार्च, शनिवार

बसमध्ये डोकं चाललं. गेल्या शुक्रवारी, ह्या शुक्रवारी. म्हणजे जे होतंय ते गुरुवारी होतंय. गुरुवारी लाईट जाते, पंप बंद पडतो, मासे गुदमरतात. सोपं आहे. अवि.च्या आकुर्डीच्या कंपनीतला एक इलेक्ट्रिशियन आहे, त्याला उद्या बोलावलं. पंप इन्व्हर्टरवर घ्यायचा. अवि. म्हणाला, "माणसांना पंखा नाही, माशांना बॅकअप." म्हटलं, तू मासा असतास तर तुला पण दिला असता.

२१ मार्च, शुक्रवार

इन्व्हर्टर लावूनही चार गेले. फोरमन तळाशी आडवा, कल्ले हलतायत एवढंच.

ऑफिसातून दुकानदाराला फोन. म्हटलं, तुमचा पंप खराब आहे, बदलून द्या. तो म्हणतो, "मॅडम, पंप कुठेतरी बंद राहतोय. ड्रममधलं पाणी साचून राहिलं की सडतं. मग चालू केला की तीच घाण हौदात." मी म्हटलं, इन्व्हर्टरवर आहे, बंद राहीलच कसा? तो म्हणतो, ते तुम्ही बघा. मी त्याला बरंच बोलले. व्हेंडरशी बोलायचा आवाज आपोआप निघतो.

घरी आले तर माळ्यावरची, अण्णांनी येताना आणलेली रेक्झिनची बॅग खाली, अण्णांच्या कॉटवर. अजून रिकामी. फडक्याने पुसून ठेवलेली.

स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. रडू आलं. फार नाही.

२७ मार्च, गुरुवार

रजा टाकली. घरात सांगितलं, गॅसवाला येणार आहे. अवि. फर्स्ट शिफ्टला गेलेला.

नऊच्या सुमारास खिडकीतून बघत होते. अण्णा कंपनीचा जुना निळा शर्ट घालून बाहेर आले. बटण दाबून पंप बंद केला. प्लग काढला. पंप पाण्यातून वर घेतला, फडक्याने पुसला, पोतं अंथरून सावलीत ठेवला. मग ड्रम उघडून स्पंज काढले आणि नळाखाली ब्रशने घासायला बसले. घासतायत, पिळतायत, उजेडात धरून बघतायत, परत घासतायत. एवढे रमलेले मी त्यांना इथे आल्यापासून पाहिले नव्हते.

मी गेले. "अण्णा, पंप का काढला?"

माझ्याकडे बघितलं. "आज गुरुवार न्हाई का?"

"मग?"

"मग काय. सुट्टी. आठवडाभर रातंदिवस चाललंय बिचारं. मशीनला एक दिवस आराम लागतो, धुणं-पुसणं लागतं. सहाला चालू करतो की. दर गुरुवारी करतो."

दर गुरुवारी. मी यायच्या आधी चालू. म्हणून मला कधी दिसलं नाही. लपवत नव्हते. मला ठाऊकच असेल असं त्यांना वाटत होतं. ह्या पट्ट्यातल्या माणसाला गुरुवार काय असतो ते सांगावं लागतं का?

मग स्वतःहूनच सांगत बसले. त्यांना आमच्यासारखा रविवार नाही, गुरुवारी सगळी कंपनी बंद, म्हणून मेंटेनन्सवाल्यांना गुरुवारी ड्युटी. मशीनची सुट्टी ती यांची ड्युटी. ह्यांची सुट्टी मंगळवारी. सगळ्या कॉलनीतले बाप गुरुवारी घरी, आमचा तेवढा नाही, हे मला आठवतं. आई चिडायची.

मी म्हटलं, "गॅसवाला आला वाटतं," आणि आत आले. गॅसवाला कुठला यायला.

इतके दिवस मी पंपाची चौकशी करत होते. पंप ठीक होता.

२८ मार्च, शुक्रवार

एकच गेला. फोरमन आहे.

ऑफिस सुटल्यावर उलटी पिं. सौदागरला गेले. दुकानदाराला सॉरी म्हटलं. सगळं सांगितलं तर तो हसला नाही, हे बरं केलं. म्हणाला, "काकांना सांगून टाका सरळ, चोवीस तास चालवायचा, स्पंज धुवायचा नाही."

सरळ काय सांगू? तुम्ही मासे मारलेत म्हणून? बॅग कॉटवर आहे, लगेच भरतील. नाही सांगितलं तर मासे मरतील आणि तरीही भरतील.

त्याच मॉडेलचा दुसरा पंप घेतला. एकच कोटेशन.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उतरायच्या आधी हौदाशी अण्णांशेजारी बसले, नवीन खोकं मांडीवर. बसमध्ये पाठ केलेलं बोलले. म्हटलं, "अण्णा, हे मासे म्हणजे कंटिन्युअस प्रोसेस आहे. भट्टीसारखं. लाइन थांबवता येत नाही. म्हणून रिलिव्हर आणलाय. एकाची गुरुवारी सुट्टी, तेव्हा दुसरा ड्युटीवर. स्पंजही सगळे एकदम नाही काढायचे, एका वेळी एक, आणि हौदाच्याच पाण्यात नुसता हिसळायचा."

अण्णांनी खोकं घेतलं, पंप काढून हातात फिरवला. वजन बघितलं.

मग, "कंटिन्युअसला सुट्टी स्टॅगर करत्यात, एकाआड एक. बरोबर हाय."

बस एवढंच. मला वाटलं सुटले.

१ एप्रिल, मंगळवार

सुटले वगैरे काही नाही. सकाळी डबा भरत होते तर दारात येऊन उभे. "मासे माझ्यानं गेले व्हय?"

मला खोटं बोलता आलं असतं. सप्लायरशी रोज बोलते. त्यांच्याकडे बघून नाही जमलं. म्हटलं, "हो अण्णा. माहीत नव्हतं तुम्हाला. मला पण तुमचं गुरुवारचं ठाऊक नव्हतं."

"सांगायचं की मग."

"तुम्ही गेला असता."

डब्याचं झाकण बसत नव्हतं, अण्णांनी माझ्या हातातून घेऊन दाबून बसवलं. बसमध्ये दिवसभराच्या कामांची यादी करायची असते, ती काही केली नाही. खिडकीतून बघत राहिले.

४ एप्रिल, शुक्रवार

एकही नाही गेला. काल पहिला पंप पोत्यावर, दुसरा पाण्यात. अण्णांनी भिंतीवर खडूने १ आणि २ लिहून त्याखाली वार लिहिलेत. २ला सुट्टी रविवारी. फोरमन परत सगळ्यांच्या पुढे.

बॅग कॉटवरून कॉटखाली गेली. माळ्यावर नाही.

६ एप्रिल, रविवार

दुपारी हौदाशी. अण्णा २ पुसत होते. अवि. पण होता, पेपर घेऊन.

म्हणाले, "शैले, आता दोन झाले. एक सुट्टीवर असला तरी दुसरा चालवतो. माझ्यावाचून अडत न्हाई गुरुवारी."

मी म्हटलं, "अडतं की. पुसणार कोण?"

"बुधवारी पुसून ठेवीन." फडकं घडी करून ठेवलं. "मला गुरुवारची सुट्टी दे."

"कसली सुट्टी?"

"आठवडी. बुधवारी संध्याकाळी घरी जाईन. शुक्रवारी फर्स्टला हजर."

घरी म्हणजे सं.तु.नगर. अवि.ने पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं, परत वर केला.

मी म्हटलं, तिथे कोणी नाही, पडलात तर, डॉक्टर काय म्हणालेत. सगळं म्हटलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुझी आई म्हणायची, सगळ्यांचे नवरे गुरुवारी घरी असत्यात. एक गुरुवार तुम्ही बी रहा. कधी जमलंच न्हाई. रिटायर झाल्यावरबी, पार हितं येईस्तवर, गुरुवारचं मेंटेनन्सला जातच हुतो."

रिलिव्हर, ड्युटी, सुट्टी, सगळं मीच काढलं होतं.

म्हणजे इथे ते ड्युटीवर आहेत. मुलीकडे राहणं ही त्यांची ड्युटी. मला हे लागलं. पण ड्युटीला ते कधी दांडी मारत नाहीत हेही मला माहीत आहे.

९ एप्रिल, बुधवार

ऑफिसातून लवकर निघून अण्णांना सोडायला मीच गेले. बाथरूममध्ये रबरी मॅट टाकली, धरायला दांडा अवि.ने रविवारीच जाऊन बसवलाय. शिंदेवहिनींकडे दुसरी किल्ली. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका, सकाळ-संध्याकाळ दार वाजवीन."

अण्णांनी दार उघडलं, चपला काढल्या, आईच्या फोटोवरची धूळ हातानेच पुसली. खिडक्या उघडल्या. मला म्हणाले, "तू निघ, ट्रॅफिक लागंल."

रेक्झिनची बॅग नेलीये. एक दिवसासाठी दोन लुंग्या, तीन शर्ट. निळा शर्ट मात्र हौदाशेजारी खिळ्यालाच आहे.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी हौदावर गेले. १ पोत्यावर, पुसून ठेवलेला. २ पाण्यात. मी पाइपावर हात ठेवून बघितला. बारीक थरथर लागते हाताला. मासे वर आले, खायला टाकलं. फोरमनने आधी माझ्याकडे बघितल्यासारखं केलं, मग खाल्लं.

दुपारी डबा खाताना अण्णांना फोन. तीनदा वाजला तेव्हा उचलला.

"झोपलो हुतो. चालू हाय का दोन नंबर?"

"चालू आहे."

"हात लावून बघितलास?"

"बघितला. जेवलात का?"

"शिंदेवहिनीनं पिठलं दिलं." आवाज नीट नव्हता, झोपेचा असेल. "शैले, गुरुवारी हितं लई शांत असतंय. मला ठाऊकच नव्हतं."

ते चांगल्या अर्थाने म्हणाले की कसं, कळलं नाही. विचारलं, "उद्या येताय ना? मी घ्यायला येते." म्हणाले, "ड्युटीवर जाताना कुणी घ्यायला येतं का? मी येतो बसनं." आणि ठेवला.

येतील. शर्ट इथे आहे. पण बॅग तिथे आहे.

फर्स्ट सातची. त्या वेळेला मी रोज बसमध्ये असते. उद्या सकाळचा हाफ-डे टाकलाय. साहेबांनी विचारलं, काय काम? म्हटलं, पंपाचं.